भाऊसाहेबांचा दुसरा मजला

भाऊसाहेबांच्या फाटकाखालून पाणी वाहत होतं. ते पाहिलं आणि माझे पाय तिथंच थांबले.

ज्यांना आमचं शहर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथं नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यातून एकदा येतं, कधी त्याहूनही उशिरा. ज्या दिवशी येतं त्या दिवशी माणसं रजा टाकतात, लग्नाला उशिरा पोचतात. भाऊसाहेब तर हौदाशेजारी खुर्ची टाकून बसत आणि गल्लीत कुणाची बादली भरून वाहिली की नावानिशी हाक मारून सांगत. त्या माणसाचा स्वतःचा हौद भरून पाणी रस्त्यावर आलं होतं, पार गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलं होतं आणि घरातून कुणी ओरडत नव्हतं.

मी तिथं आले होते ती वर्षाच्या फोनवरून. वर्षा ही भाऊसाहेबांची थोरली सून. ती कन्नडला होती.

"ताई, मामा सकाळपासून बोलंनात. फोन लावला की बिझी. ह्यांचा मोबाइल कंपनीच्या गेटवर जमा असतोय, सुटी होईपर्यंत कळायचं नाही. मी एसटीत बसते, पण यायला वेळ लागंल. तुमचं ऑफिस जवळ आहे. जरा डोकावता का?"

मामा म्हणजे सासरे. आमच्याकडं बऱ्याच सुना तसंच म्हणतात.

मी डॉक्टर नाही, पोलीसही नाही. गारखेड्यात माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. लोकांना वेबसाइट बनवून देते. पण वर्षाचा तो "बिझी" शब्द ऐकला आणि मी चहा तसाच ठेवून निघाले. एकटा म्हातारा माणूस फोन उचलत नसेल तर एक भीती असते. तो उचलतो आहे, सकाळपासून कुणाशी तरी बोलतोच आहे, ही वेगळी भीती. ती माझ्या धंद्यातली आहे. ती का, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

कन्नडकडं आलं खूप पिकतं. भाऊसाहेबांची जमीन तिकडंच आहे. वर्षा आल्याची सुंठ आणि आलेपाक बनवायची. आधी घरापुरतं, मग नातेवाइकांपुरतं, मग नातेवाइकांच्या ओळखीच्यांपुरतं. तिला एक लहान वेबसाइट हवी होती. ती एकटी आली, नमुन्याला आलेपाकाचा डबा घेऊन आली, दहा मिनिटांत काय हवं ते सांगून गेली. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत स्वच्छ मीटिंग.

दुसऱ्या वेळी ती भाऊसाहेबांना घेऊन आली. किंवा ते तिला घेऊन आले. अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, सोबत नारळ, पेढे आणि हार. डोमेन त्या दिवशी घ्यायचं होतं. मुहूर्त काढून आणला होता. कीबोर्डवर हळदकुंकू वाहायला मी नको म्हणाले. तडजोड म्हणून मॉनिटरला हार घातला. झेंडूच्या आडून मला अर्धाच स्क्रीन दिसत होता.

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. ब्राउझरमध्ये आपण जे टाइप करतो, शेवटी डॉट कॉम किंवा डॉट इन असतं, ते. हा पत्ता जगात एकालाच मिळतो. जो आधी नोंदवेल त्याचा. नोंदवून देणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. दरवर्षी पैसे भरायचे, नाहीतर नाव जातं. एवढंच मी भाऊसाहेबांना सांगितलं.

"म्हणजे सातबाराच की," ते म्हणाले.

"साधारण."

"अन् रजिस्ट्रार म्हणजे तलाठी."

"साधारण."

"मंग उतारा निघत असंल."

उतारा निघतो. त्याला व्हू-इज म्हणतात. कोणतं डोमेन कुणाच्या नावावर आहे, त्याचा पत्ता, फोन, ईमेल, नोंदणीची तारीख, सगळं त्यात असतं. मी तोही सांगितला. तिसऱ्यांदा "साधारण" म्हणाले. या शब्दाचा मी पुढं खूप विचार केला.

मग ती चौकट आली. आमच्या रजिस्ट्रारकडं ती आपण होऊन टिक करावी लागते.

"ही प्रायव्हसी प्रोटेक्शन," मी म्हणाले. "टिक केली की तुमचं नाव, पत्ता, फोन झाकला जातो. बाहेरच्याला फक्त कंपनीचं नाव दिसतं."

"झाकायचं काहून?"

"कुणी त्रास देऊ नये म्हणून."

"मॅडम, जिमीन काय चोरून घेतली का आपण? सातबाऱ्यावर नाव झाकतंय का कुणी? उलट नाव लागावं म्हणून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतेत."

वर्षा हळूच म्हणाली, "मामा, ताई म्हणतेत तर करू ना."

"तू आल्याचं बघ. कागदाचं मी बघतो."

चौकट रिकामी राहिली. माल वर्षाचा, पण नाव भाऊसाहेबांचं. त्यात नवल नव्हतं. ट्रॅक्टर, विहीर, गॅसचं कनेक्शन, सगळं त्यांच्याच नावावर होतं. फोन नंबरही त्यांचा, म्हणजे बँकेला जोडलेला. मग पत्ता विचारला.

"लिहा. दुसरा मजला, आपलं घर, गारखेडा."

ऑफिसला जाता-येता मी त्यांचं घर पाहिलेलं होतं. तळमजल्यावरच संपतं. वर गच्चीवर कॉलमच्या गंजलेल्या सळया आभाळाकडं बघत उभ्या आहेत आणि एका सळईला काळी बाहुली टांगलेली आहे. वर जायला जिना नाही. टाकी साफ करायची तर शेजाऱ्यांकडून शिडी आणतात.

"दुसरा मजला कुठाय?"

"टाकायचाय की. पहिला अन् दुसरा संगंच. दुसऱ्यावर हापिस करायचंय."

"पण आत्ता नाही ना. नियम असा आहे की माहिती खरी पाहिजे. खोटी निघाली तर नाव काढून घेऊ शकतात."

"खोटी कुठंय? आगाऊ हाये."

वर्षानं माझ्याकडं पाहिलं. मी हार जरा बाजूला सारला आणि दुसरा मजला टाइप केला. मुहूर्त टळत होता.

जाताना त्यांनी उतारा मागितला. व्हू-इजचं पान मी छापून दिलं. त्यांनी ते लॅमिनेट करून घेतलं. एक प्रत दिवाणखान्यात वडिलांच्या तसबिरीखाली लावली, एक पिशवीत. पतसंस्थेत, सलूनमध्ये, व्याह्यांकडं ती पिशवीतून निघायची. इंटरनेटवर जमीन घेतली, असं ते सांगायचे. ऐकणारे विचारायचे, किती. ते म्हणायचे, मोजता येत नाही.

फोन त्याच दिवसापासून सुरू झाले.

हे बहुतेकांना माहीत नसतं. रोज जगात जी नवी डोमेन नोंदवली जातात, त्यांच्या याद्या विकत मिळतात. ज्यांनी चौकट टिक केलेली नाही, त्यांचे नंबर यादीत असतात. आधी फोन येतात ते वेबसाइट बनवू, लोगो बनवू, गूगलवर पहिल्या नंबरला आणू म्हणणाऱ्यांचे. ते चिवट असतात, पण निरुपद्रवी. त्यांच्या मागून दुसरे येतात.

भाऊसाहेबांना मात्र हा सत्कार वाटला.

"दिल्ली, नोयडा, कुठून कुठून फोन यायलेत, मॅडम. काँग्रॅच्युलेशन म्हणतेत."

"उचलू नका. नवीन नंबर दिसला की कट करा."

"लोकं आदरानं बोलतेत अन् मी तोंडावर फोन ठेवू?"

ते सगळ्यांशी बोलले. जमीन किती, आलं किती निघतं, मुलगा वाळूजला कोणत्या शिफ्टला, सून कन्नडला कोणत्या वारी जाते, धाकटा आणि मालकीण गावाकडं शेतावर, दुपारी घरी मी एकटाच. रस्त्यात गेलेल्या तुकड्याचा मोबदला आला तो कोणत्या बँकेत ठेवला. एकानं साइटवर पैसे घ्यायच्या पेमेंट गेटवेसाठी विचारलं म्हणून हेही सांगितलं. मला हे सगळं त्यांनीच कौतुकानं सांगितलं.

मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता ती चौकट टिक करू. त्याला मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो मला सांगा.

भाऊसाहेब हसले. "ओटीपी कुणाला द्यायचा नसतोय, मॅडम. रोज टीव्हीवर सांगतेत."

दिल्लीच्या लोकांना त्यांनी बँकेचं नाव सांगितलं होतं. सुरक्षेचा नियम पाळायला त्यांना मीच सापडले. वर्षाला मी म्हणाले, तू समजाव. ती म्हणाली, रविवारी ह्यांना सांगते, ते बोलतील. रविवार यायच्या आत पाण्याचा दिवस आला.

तर मी फाटकाशी उभी होते आणि पाणी चपलेत शिरत होतं. समोरच्या काकू गच्चीवरून म्हणाल्या, "दोनदा बेल दिली मी. आतून बोलायचा आवाज येतोय, दार उघडंनात. मला तर काही सुधरंना."

मी फाटक ढकलून आत गेले. बेल दिली नाही. बाजूनं दिवाणखान्याच्या खिडकीशी गेले. पडदा ओढलेला होता, पण कडेला बोटभर फट होती.

भाऊसाहेब खुर्चीत ताठ बसले होते. घरात असून टोपी घातलेली, शर्टची वरची गुंडीसुद्धा लावलेली. समोर टीपॉयवर तांब्याला टेकून मोबाइल उभा केलेला. मांडीवर लॅमिनेट केलेला उतारा. स्क्रीनवर खाकी कपड्यातला एक माणूस, त्याच्या मागं झेंडा.

"जी साहेब," भाऊसाहेब म्हणाले.

त्या आवाजानं मी घाबरले. पाण्यानं नाही, झेंड्यानं नाही. एवढ्या ओळखीत मी या माणसाला कुणापुढं खालच्या पट्टीत बोलताना ऐकलेलं नव्हतं. हा आवाज पहिलीतल्या मुलाचा होता.

असल्या फोनांबद्दल तुम्ही पेपरात वाचलं असेल. व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस येतो. तुमच्यावर गुन्हा आहे, तुम्हाला घरातच अटक केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, असं सांगतो. मग तुमचे पैसे तपासायला मागतो. अशी अटक कायद्यात कुठंही नाही. मीही वाचलं होतं. वाचताना मला नेहमी वाटायचं, माणसं इतकी कशी फसतात. खिडकीच्या फटीतून बघितल्यावर वाटलं नाही.

स्क्रीनवरचा माणूस म्हणाला, "बड़े साहब से बात करता हूँ. कैमरा बंद नहीं करना." आणि उठून गेला. झेंडा आणि रिकामी खुर्ची उरली.

मी काचेवर नखानं टकटक केलं. भाऊसाहेब दचकले. मला पाहिलं आणि जोरात मान हलवली. मी पुन्हा टकटक केलं. ते उठले, मोबाइलकडं बघत बघत मागं सरकत खिडकीशी आले आणि काच इंचभर सरकवली.

"दार उघडा, भाऊसाहेब."

"जा तुम्ही." ते कुजबुजले. "तुमचंबी नाव हाये त्यांच्याकडं."

उताऱ्यात तांत्रिक संपर्क म्हणून माझं नाव असतं. ते मी विसरले होते.

"कोण आहे तो?"

"दिल्लीचे साहेब हायेत. आपल्या साइटवरून घाण माल जायलाय म्हणं परदेशात. केस झाली. पोरालाबी उचलणार म्हणं कंपनीतून."

"आपल्या साइटवर एकच पान आहे. 'लवकरच येत आहोत' एवढंच लिहिलंय त्यावर."

"ते तुम्ही म्हणता." त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती. "साहेबांनी आधीच सांगितलं. जिनं रजिस्टर केलं ती बाई येईल. गोड बोलंल. फोन बंद करा म्हणंल."

मी खरोखर तेच म्हणणार होते. वाक्य ओठांवर होतं. ते गिळलं.

"पाणी वाहतंय बाहेर," मी म्हणाले.

"दिसतंय. उठू देत नायत."

"ही अटक खोटी आहे. असं कायद्यात नसतं."

"सगळं जुळलं, मॅडम." त्यांनी उतारा वर धरला. प्लास्टिक चमकत होतं. "नाव, फोन, मेल, तारीख. ओळ अन् ओळ वाचून दाखवली त्यानं. माझ्या हातात उतारा, त्याच्या हातात उतारा. सरकार असल्याबिगर उतारा येतोय का कुणाच्या हातात?"

"तो कुणालाही दिसतो. आपण झाकलाच नाही."

"म्हणजे तुम्हीच दिला."

एका अर्थी त्यांचं बरोबर होतं.

"ठेव मोडली का?" मी विचारलं.

"मोडली. मोबाइलवरूनच मोडली. खात्यावर आली. आता त्यांच्या खात्यावर तपासायला धाडायची. तपासून परत देतेत."

हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की मी खिडकीचा गज घट्ट धरला. पाचदहा बटणांवर होतं सगळं. वडिलोपार्जित जमिनीचे पैसे, दोन्ही मुलांचे, वर्षाला जी शेड घालायची होती तिचे. मी एका हातानं बँकेला फोन लावला. दाबा एक, दाबा दोन. सायबर हेल्पलाइन लागेना. दार आतून बंद, खिडकीला गज. काही तोडून टाकावं म्हटलं तर तोडायला काही नव्हतं, या फोनला वायर नसते. आणि आरडाओरडा केला असता तर मी तीच बाई ठरले असते, जिच्याबद्दल साहेबांनी आधीच सांगितलं होतं.

खुर्चीत खाकी माणूस परत आला. भाऊसाहेब झटकन जागेवर जाऊन बसले.

"ट्रान्सफर किया?"

"करता साहेब."

"कितनी देर? खिड़की पे कौन था?"

"कोई नै, साहेब."

त्यांनी मला का वाचवलं ते मला अजून माहीत नाही. माझ्यावर तर त्यांचा विश्वास उडाला होता.

"सुनो. बाहर कदम रखा तो गए. आप सेकंड फ्लोर पे हो ना? हमारे दो आदमी नीचे खड़े हैं. सेकंड फ्लोर से उतरे कि वहीं उठा लेंगे."

भाऊसाहेबांनी मांडीवरच्या कागदावर बोट फिरवलं. पत्त्याच्या ओळीवर थांबलं. दुसरा मजला. त्यांनी मान डोलावली. हेही जुळलं होतं. दुसऱ्या हाताचं बोट टीपॉयवरच्या मोबाइलकडं निघालं.

मी गजाला तोंड लावून, जितक्या हळू जमेल तितक्या हळू म्हणाले, "भाऊसाहेब, कागद नका बघू. वर बघा."

त्यांनी ऐकलं. वर पाहिलं.

वर पंखा होता. पंख्याच्या वर स्लॅब, त्यावर पावसात गळल्याचा पिवळा डाग. त्याच्या वर गच्ची, सळया आणि बाहुली. ते बराच वेळ तसेच बघत राहिले. बोट मोबाइलच्या वर हवेत थांबलं होतं. ते खाली येईल की मागं जाईल, मला सांगता येत नव्हतं. श्वास घेतला तर येईल असं वाटत होतं, म्हणून मी श्वास धरला.

"साहेब," त्यांनी विचारलं, "आदमी किधर खडे हैं?"

"बोला ना, नीचे. सीढ़ी पे."

"कौनसी सीढी?"

"आपकी बिल्डिंग की सीढ़ी, और कौनसी? ज़्यादा होशियारी मत करो."

भाऊसाहेब बोलले, आणि आवाज खालचा नव्हता, वरचाही नव्हता. हौदाशेजारी बसून गल्लीला सांगायचे तसा होता.

"सीढी नै ना साहेब हमारे घर को. अभी डालनी है."

स्क्रीनवरचा माणूस थांबला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याच्याकडं पुढची ओळ नव्हती. मग तो शिव्यांवर आला, मुलाचं नाव घेतलं, कंपनीचं नाव घेतलं, अर्ध्या तासात गाडी येईल म्हणाला. बोलता बोलताच कट झाला.

भाऊसाहेब उठले नाहीत. मी दाराशी जाऊन उभी राहिले. आतून कडी काढायचा आवाज आला, सुटेना, पुन्हा आवाज आला. दार उघडलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. अनवाणी माझ्या बाजूनं गेले, हौदाजवळ वाकले आणि नळाचा कॉक बंद केला. तिथंच पाठमोरे उभे राहिले.

"लई पाणी गेलं," ते म्हणाले.

समोरच्या काकू गच्चीवरून आत गेल्या.

मग सगळी कामं झाली. हेल्पलाइन लागली, तक्रार नोंदवली. बँकेत आम्ही दोघं गेलो, खातं काही दिवस गोठवून घेतलं. पैसा जागेवर होता. वर्षा एसटीतून उतरून धावतच आली. सासऱ्यांकडं एकदा पाहिलं, काही विचारलं नाही, आलं किसून चहा टाकला. कप खाली ठेवल्यावर म्हणाली, "मामा, ते झाकायचं करून घेऊ का आता?"

भाऊसाहेबांनी मोबाइल माझ्याकडं सरकवला. "ओटीपी येईल. घ्या तुम्हीच."

"मला नका देऊ," मी म्हणाले. "टीव्हीवर बरोबर सांगतात. मी स्क्रीन दाखवते, तुम्ही टाका."

त्यांनी एकेक आकडा पुटपुटत टाकला. चौकट टिक झाली. उताऱ्यावरून त्यांचं नाव गेलं, पत्ता गेला, फोन गेला. मी ते पान त्यांना दाखवलं.

"आता कुणाचंच नाही वाटत," ते म्हणाले.

"तुमचंच आहे. फक्त दिसत नाही."

एवढ्यानं भीती जात नाही. यादीतून नाव काढलं तरी जुनी यादी विकली जातेच. पुढं काही आठवडे फोन येत राहिले. भाऊसाहेबांनी मोबाइल वर्षाकडं देऊन टाकला. रिंग वाजली की ते पेपर वाचता वाचता थांबायचे, वर्षा "मावशीचा आहे" म्हणाली की पुढची ओळ वाचायचे. दिवसाही दाराला आतून कडी असायची. पाण्याच्या दिवशी ते हौदाजवळ बसत, पण खुर्ची आता फाटकाकडं तोंड करून असे.

मग हळूहळू गोष्ट बदलायला लागली. पतसंस्थेत मी स्वतः ऐकली. भाऊसाहेब सांगत होते, "मला पहिल्यापासून वास आलता. म्हणूनच पत्त्यात दुसरा मजला लिवला होता. मुद्दाम. चोर पकडायला." मॅनेजरनं माझ्याकडं पाहिलं. मी पासबुक बघत राहिले. ज्याला अशा दुपारीतून बाहेर यायचं आहे, त्याला जी गोष्ट सोयीची वाटेल ती सांगू द्यावी. त्यात माझं काय जातं?

वर्षाची साइट सुरू झाली. आलेपाक जातो, पावसाळ्यात जास्त. साइटवर तिचं नाव आहे आणि फोन नंबर वेगळा आहे, ज्याला बँक जोडलेली नाही.

वर्ष झाल्यावर रजिस्ट्रारचा नेहमीचा मेल आला. तुमची नोंदवलेली माहिती बरोबर आहे का तपासा, चुकीची असल्यास नाव रद्द होऊ शकतं. दरवर्षी येतो, सगळ्यांना येतो, कुणी वाचत नाही. मी वाचते, कारण मला त्याचे पैसे मिळतात. मी भाऊसाहेबांकडं गेले. गच्चीवर सळया तशाच, बाहुली तशीच, फक्त जास्त काळी.

"स्लॅब कधी टाकताय?"

"बघू."

"मग पत्ता दुरुस्त करते. तळमजला लिहिते."

मला वाटलं ते अडवतील. ज्या मजल्यानं वाचवलं तो कसा काढता, म्हणतील. त्यांनी नुसती मान हलवली आणि ओटीपी स्वतः टाकला. मी सेव्ह दाबलं.

"आणलं का खाली?" त्यांनी विचारलं.

"आणलं."

"बरं केलं. वर लई भ्या वाटत होतं."

नवीन गिऱ्हाईक आलं की विचारतं, डोमेन घेताना काय काळजी घ्यायची. मी सांगते, ती चौकट टिक करा, आणि पत्ता खरा लिहा. पहिलं मी ठासून सांगते. दुसरंही सांगते, पण तिथं माझा आवाज जरा खाली येतो.